दरी एका दिवशी, वाइन दुसऱ्या

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये ग्रीसच्या एपिरस भागात चार दिवस आहोत, मुक्काम योआनिनात. विकोसची दरी चालायची आहे आणि वाइनही चाखायची आहे. दोघंही शाकाहारी. कसं बसवावं?

उत्तर : दोन्ही एका दिवशी कोंबू नका. दरीच्या काठावरच्या मोनोदेंद्री गावाहून विकोस गावापर्यंत साधारण 12 किलोमीटर आहे, पण वेळ 5 ते 7 तास लागतो. सुरुवातीचा उतार गुडघे दुखवतो आणि शेवटी, पाय थकलेले असताना, खडी चढण येते. गाडी मोनोदेंद्रीतच राहते, म्हणून परतीची टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवा. पाणी माणशी 2 लिटर घ्या. नदीचं पात्र बराच काळ कोरडं असतं, वोयदोमातिस नदीचे झरे थेट शेवटाकडे लागतात. रात्री पाऊस झाला असेल तर दरीत उतरू नका, गुळगुळीत दगडांवरून पाय सटकतात. त्याऐवजी गाडीने ओक्सियाला, दरी वरून दिसते त्या जागी जा. खरं सांगायचं तर दरीची खोली वरूनच जास्त कळते.

वाइनच्या दोन दिशा आहेत. योआनिनाच्या वायव्येला झित्सा, तिथली देबीना द्राक्षांची पांढरी वाइन हलकी, आंबटसर. बुडबुडेवाली आधी मागा. पूर्वेला पिंडस पर्वतातलं मेत्सोवो. तिथे 1960च्या दशकात राजकारणी एव्हांगेलोस आवेरोफ यांनी उंच उतारांवर काबेर्ने सोव्हिन्यों या लाल वाइनच्या द्राक्षांची लागवड केली. थंडीमुळे द्राक्षं सावकाश पिकतात, आंबटपणा टिकतो. भेटीची वेळ फोनवर आधी घ्या. गाडी चालवणाऱ्याने घोट थुंकावा, त्यात कुणाला अपमान वाटत नाही. रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅम अल्कोहोल ही तिथली मर्यादा आहे.

जेवताना ‘होरिस क्रेआस’ म्हणजे मांसाशिवाय, असं सांगा. भाजीची ‘पिता’ (भाजलेला पाय) देबीनाबरोबर, मेत्सोवोचं धुरावलेलं मेत्सोवोने चीज लाल वाइनबरोबर. कडक शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा : पारंपरिक चीजचं दूध वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या रेनेट या पाचक रसाने विरजतात.

प्रश्न : विकोसच्या आसपासच्या झागोरी भागातली आलेव्रोपिता (पातळ पिठाचा, चीज घातलेला भाजलेला पदार्थ) घरी केली, रबरासारखी झाली. काय चुकलं?

उत्तर : थर जाड झाला असणार. 150 ग्रॅम मैदा, 1 अंडं, 250 मिलि पाणी आणि 2 चमचे तेल एवढं मिश्रण 35 सेंटिमीटरच्या ताटाला पुरतं. अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको. तेल लावलेलं ताट ओव्हनमध्ये 230 अंशांवर तापवून मगच पीठ ओता, चर्र आवाज आला पाहिजे. वर 250 ग्रॅम फेटा कुस्करून टाका, लोण्याचे तुकडे ठेवा आणि कडा तपकिरी होईपर्यंत भाजा. पिठात मीठ घालू नका, फेट्यातलं पुरतं.