विनोदाची शेवटची ओळ

अंकात अर्धा विनोद छापतात आणि शेवटची ओळ वाचकांनी लिहून पाठवायची, अशा स्पर्धेला तू पहिल्यांदाच उतरतो आहेस, म्हणून सांगतो. अर्धा विनोद वाचल्यावर जे पहिलं सुचतं, ते कागदावर लिही आणि खोडून टाक. तेच निम्म्या वाचकांना सुचलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तुझं स्वतःचं येतं.

समज, म्हापशाच्या बाजारात गिऱ्हाईक मासेवालीला विचारतं, 'बांगडे ताजे आहेत का गो?' पुढची ओळ तुझी. 'ताजे होते, तू भाव करायला लागलीस तेव्हा' असं लिहिलंस तर 'होते' आधीच फुटतं, पुढचे शब्द फुकट जातात. 'तू भाव करायला लागलीस तेव्हा होते.' आता बघ! हसवणारा शब्द अगदी शेवटी हवा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, हे आपलं केवढं मोठं भाग्य आहे!

आपले कोंकणी शब्द जरूर वापर, मला ते फार आवडतात. पण अंक नागपुरातही वाचला जातो. 'पोदेर' म्हणजे पाववाला हे कंसात सांगावं लागलं की विनोद मेला. सायकल, भोंपू, पाव आधी दाखव, शब्द आपोआप कळेल.

शब्दमर्यादा पाळ. आणि पाठवण्याआधी घरात कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखव, मी आजही दाखवतो.