मुलांना अन्न वाया न घालवणं कसं शिकवायचं? लोणची-पापड करायला बसवून खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलं सहा आणि नऊ वर्षांची आहेत, ताटात रोज उरतं, ओरडून झालं, समजावून झालं, आणि आता सासूबाई म्हणतायत की उन्हाळ्यात वाळवणाला बसवा म्हणजे किंमत कळेल. माझी थोरली अकराची, धाकटा सातचा, आम्ही पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, त्यामुळे अनुभवाचं सांगते. फरक पडतो, पण बसवून नाही पडत, त्यांच्या हातात देऊन पडतो.

लेक्चरचं म्हणाल तर सोडून द्या. थोरलीला शाळेत अन्नाच्या नासाडीवर प्रोजेक्ट होतं. तिने सुंदर अक्षरात लिहिलं की संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साधारण ६० टक्के घराघरांतून गेलं. खाली रडणारी पृथ्वी पण काढली होती. त्याच दिवशी डब्यातली दोडक्याची भाजी जशीच्या तशी परत! आता १०५ कोटी टन म्हणजे किती ते मला तरी कुठे कळतंय, तिला काय कळणार.

आमच्याकडे सुरुवात झाली ती काकडीपासून, आणि तीही ठरवून नाही. कोशिंबिरीसाठी काकडी चोचवून मीठ लावून ठेवली होती, धाकट्याने पाहिलं की वाडग्यात पाणी आलंय, म्हणाला तू पाणी का घातलंस. म्हटलं मी नाही घातलं, मिठाने ओढून काढलंय. पटेना त्याला. मग दोन बशा घेतल्या, एकीत नुसत्या चकत्या, दुसरीत मीठ लावलेल्या, आणि तो पंधरा मिनिटं तिथून हलला नाही. त्यावर सांगितलं की बुरशी आणि जंतूंना पण जगायला पाणी लागतं, मिठाने ते पाणी त्यांना मिळू द्यायचं नाही, म्हणून लोणचं टिकतं. वाळवणाचं तेच, फक्त तिथे पाणी ऊन घेऊन जातं. साखरांब्यात मिठाचं काम साखर करते. एवढं एक डोक्यात बसलं की पुढे काही पाठ करायला लागत नाही.

मग लिंबाचं लोणचं. आमच्याकडे एक किलो लिंबाला साधारण पाव किलो मीठ असा हिशोब आहे. लिंबं धुवून पुसून कोरडी करायचं काम मुलांकडे, फोडी थोरलीने केल्या, आणि मी शहाणपणा केला, नवऱ्याला बीपी आहे म्हणून मीठ जवळजवळ निम्मं केलं. त्यात कोणीतरी ओला चमचा घातला, कोणी ते अजून कबूल नाही. तीन आठवड्यांनी बरणी उघडली तर वर पांढरट हिरवी बुरशी. थोरली म्हणाली वरचं काढून टाकू, खालचं चांगलं असेल. म्हटलं नाही, दिसते तेवढीच बुरशी नसते, आत पसरलेली असू शकते. अख्खी बरणी टाकली आणि त्या दिवशी ती खरंच रडली हो! पृथ्वी रडताना काढून जे झालं नव्हतं ते एका बरणीने झालं. दुसऱ्या खेपेला मीठ तिने स्वतः वजनकाट्यावर मोजलं, मला हात लावू दिला नाही, आणि बरणीवर चिठ्ठी चिकटवली, ‘कोरडा चमचा!!!’. बीपीचं म्हणाल तर नवऱ्याला आता फोडच अर्धी मिळते.

वाळवणात लहान मुलांना कुरडया नका देऊ. गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, चीक काढा, तो गरम चीक घोटा, यात मुलं पहिल्याच दिवशी पळतात आणि चटका बसायची भीती वेगळीच. साबुदाण्याच्या पळीपापड्या बेस्ट. साबुदाणा रात्री भिजत घालायचा, सकाळी मीठ-जिरं घालून पारदर्शक होईपर्यंत आपण शिजवायचा, कोमट झाला की मुलं प्लास्टिकवर पळीने घालतात, वेड्यावाकड्या झाल्या तरी तळल्यावर सगळ्या सारख्याच फुलतात. आमच्या सोसायटीत गच्चीची किल्ली मिळवणं हेच मोठं काम, ते सोडा. कावळे हाकलायला धाकटा छत्री घेऊन बसला होता. दोन दिवसांनी एक पापडी मोडून बघायची, कट्कन तुटली पाहिजे, वाकली तर अजून एक ऊन द्या, नाहीतर डब्यात वास येतो. याच उन्हात एक किलो कैरीच्या फोडी वाळवल्या, आंबोशी झाली जेमतेम दीडशे ग्रॅम. ‘बाकीचं कुठे गेलं?’ म्हणून धाकट्याने काटा दोनदा तपासला.

आता खरं सांगायचं तर वर्षातून चार दिवस पापड घालून रोजचं ताट सुधारत नाही. त्यासाठी फ्रीजवर एक वही टांगली आणि टाकलेलं सगळं त्यात लिहायचं काम थोरलीला दिलं. महिनाभराने बघितलं तर मुलांच्या ताटातलं कमी आणि माझंच जास्त! कोथिंबिरीच्या जुड्या, अर्धा दुधी, ऑफरमध्ये आणलेला ब्रेड. तोंड दाखवायला जागा नव्हती. तेव्हापासून फ्रीजचा मधला कप्पा ‘आधी हे संपवा’ असा आहे आणि शनिवारी रात्री नवीन स्वयंपाक नाही, त्याला आम्ही शिळासप्तमी म्हणतो (श्रावणातली खरी वेगळी, सासूबाईंनी यावर डोळे वटारून झालेत). पोळ्यांचा कुस्करा नाहीतर गूळ-तूप घालून लाडू, उरलेलं वरण थालीपिठात, आणि दोडक्याच्या शिरांची तीळ-खोबरं घालून चटणी. दोडक्याची भाजी परत आणणारी मुलगी ती चटणी पोळीला लावून खाते, आता काय बोलणार.

पण शिळं खायला शिकवताना कुठे थांबायचं तेही शिकवा. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर सकाळी त्याचा फोडणीचा भात करू नका, त्यात होणारं काही विष गरम करून पण जात नाही, त्यापेक्षा उरलेला भात तास-दोन तासांत फ्रीजमध्ये टाका. आणि पाकिटावरचं ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे तोपर्यंत चव-दर्जा उत्तम राहतो एवढंच, ‘यूज बाय’ किंवा ‘एक्सपायरी’ उलटली तर मात्र खायचं नाही. थोरली आता दुकानात पाकीट उलटं करून वाचते, मागे लाइन लागली तरी.

ताटाचं म्हणाल तर आम्ही वाढणं बंद केलं. स्वतः घ्या, आधी थोडं घ्या, हवं तर परत घ्या. पहिला आठवडा धाकट्याने भाजीच घेतली नाही, मी दात आवळून गप्प बसले, नंतर घ्यायला लागला. ‘ताट संपवल्याशिवाय उठायचं नाही’ हे मी करत नाही, पोट भरल्यावर कोंबलं तर अन्न वाचलं असं मला वाटत नाही.

परवा पाहुणे आले म्हणून मी डब्यातल्या पळीपापड्या तळायला काढल्या. धाकटा मागे येऊन उभा, ‘किती घेतल्यास?’ म्हटलं दहा. त्याने डबा मोजून ठेवलेला होता, त्रेपन्न होत्या. मग बाहेर जाऊन पाहुण्यांना म्हणाला, ‘काका, खाणार असाल तरच घ्या हं.’