वाटप, वाटणी की आवंटन? आणि रिलेला ‘सहक्षेपण’ चालेल का?

नांदेडच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीनं विचारलंय: रिले केंद्रं (टॉवर आणि फोन यांच्यामध्ये डेटा पुढे पोचवणारी केंद्रं) असलेल्या मोबाइल जाळ्यात हवेतली फ्रिक्वेन्सी आणि वेळ फोनांना देतात, म्हणजे ‘रेडिओ रिसोर्स अ‍ॅलोकेशन’ करतात, त्याला मराठीत आवंटन म्हणावं की वाटणी? रिलेला ‘सहक्षेपण’ म्हटलं तर?

‘आवंटन’ हिंदी सरकारी कागदांतला शब्द. टूजीचं प्रकरण गाजलं तेव्हाही मराठी वर्तमानपत्रांत ‘स्पेक्ट्रम वाटप’च छापून यायचं. ‘वाटणी’ मात्र इथे बसत नाही. वाटणी भावाभावांत होते आणि एकदा बांध पडला की तो हलत नाही. एलटीईत, म्हणजे फोरजीत, वाटायचा असतो रिसोर्स ब्लॉक, म्हणजे १८० किलोहर्ट्‌झ रुंद आणि अर्धा मिलिसेकंद लांब तुकडा. २० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात असे १०० तुकडे शेजारी शेजारी बसतात, आणि कोणता कुणाला द्यायचा हे टॉवर दर मिलिसेकंदाला नव्यानं ठरवतो. म्हणून वाटप.

शेड्यूलिंगसाठी, म्हणजे कुणाला कधी द्यायचं हे ठरवण्यासाठी, तर ‘पाळी’सारखा नेमका शब्द घरातच आहे. जायकवाडीच्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला पाणीपाळी काय ते विचारा. आणि टेलचं, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचं, दुखणंही तोच सांगेल. टॉवरपासून लांबच्या फोनला सिग्नल क्षीण मिळतो, त्यामुळे तेवढ्याच डेटाला जास्त तुकडे लागतात. ज्याचा सिग्नल उत्तम त्यालाच पाळी दिली तर एकूण वेग वाढतो, पण टेल कोरडा राहतो. यावर ‘प्रोपोर्शनल फेअर’ नावाची रूढ रीत आहे. ह्या क्षणी मिळू शकणारा वेग भागिले आजवर मिळालेला सरासरी वेग. हे गुणोत्तर ज्याचं मोठं, त्याची पाळी.

आता रिले. ‘सहक्षेपण’ हा आकाशवाणीनं रुजवलेला सुंदर शब्द. मुंबईच्या बातम्या परभणी केंद्रावरून त्याच वेळी ऐकू येतात, ते सहक्षेपण. पण २०११च्या सुमारास मोबाइल मानकांच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे एलटीई-अ‍ॅडव्हान्स्डमध्ये, जो रिले आला, त्यात हे ‘सह’च खोटं पडतं. एकाच फ्रिक्वेन्सीवर तो ऐकत असतानाच बोलू लागला, तर त्याच्याच जोरदार आवाजात टॉवरकडून येणारा क्षीण सिग्नल बुडतो. म्हणून काही सबफ्रेम, म्हणजे एकेका मिलिसेकंदाचे कप्पे, टॉवरचं ऐकायला राखलेले असतात. त्यात आलेला डेटा तो उलगडतो, चुका काढून टाकतो आणि नंतरच्या पाळीत फोनला पाठवतो. उशीर तर होतोच, शिवाय तोच डेटा हवेतली जागा दोनदा खातो. बालाघाटाच्या डोंगराआडच्या गावाला तरीही तो परवडतो, कारण एका दुबळ्या दुव्याच्या जागी दोन दमदार दुवे मिळतात. वाटपाचा खरा पेच इथेच आहे. टॉवर-रिले दुव्याला कमी दिलं तर रिले रिकामा बसतो, जास्त दिलं तर त्याच्याकडे डेटा साचतो आणि पुढे पाठवायला पाळ्या उरत नाहीत.

आला सिग्नल नुसता मोठा करून तत्क्षणी पुढे सोडणारा रिपीटर वेगळा. त्याला खुशाल सहक्षेपक म्हणा. रिलेला ‘रिले’च राहू द्या, शर्यतीतली रिले मराठीत सगळ्यांना कळते. प्रकल्पाचं शीर्षक मी असं लिहीन: ‘रिले असलेल्या मोबाइल जाळ्यांतील रेडिओ साधनांचे वाटप’. ‘रिले-साहाय्यित’ हा जोडशब्द टाळा, वाचताना जीभ अडखळते.