बाय, तास लिहून ठेव

बाय,

परवा पडवीत बसून तू रडलीस आणि मी नुसता चहा पुढे केला, धड काही बोलले नाही. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितेय.

आई म्हणते जर्मनीला जाऊन लोकांची पोरं सांभाळायची तर इथली बालवाडी काय वाईट, एजंट म्हणतो आठ दिवसांत पैसे भर, आणि म्युनिकच्या त्या बाईंचा मेसेज की तू आमच्या घरच्यासारखी राहशील. तुला त्यातलं शेवटचं गोड वाटलं. मला भीती वाटते ती त्याचीच. एजंटचं एका मिनिटात होईल, सरकारच्या ई-मायग्रेट साईटवर नोंदणी झालेल्या एजंटांत त्याचं नाव आहे का बघ, नसेल तर एक रुपया देऊ नको. आईची समजूत मी काढते. पण हे घरच्यासारखी प्रकरण तुलाच निस्तरायचंय.

मी 2001 ला बेल्जियममधल्या अँटवर्पला गेले ती अशीच घरच्यासारखी म्हणून. मुंबईचं हिऱ्याच्या धंद्यातलं कुटुंब, बाळ चार महिन्यांचं, मी बावीस वर्षांची. पासपोर्ट त्यांच्या कपाटात, हरवेल म्हणून. सुट्टीचा वार ठरलेला नाही, जमेल तेव्हा. बाळ रात्री उठलं की मी उठायची आणि सकाळी सहाला परत डबे, याला कोणी काम म्हणत नव्हतं आणि खरं सांगू, मीही म्हणत नव्हते. तिथल्या शेल्डे नदीला आपल्या खाडीसारखी भरती-ओहोटी असते, समुद्र एवढा लांब असूनही पाणी चढतं उतरतं, ते बघायला मी पाच वर्षांत किती वेळा गेले असेन तर चार वेळा. चार!

आणि पैसे. मला महिन्याला 8,000 फ्रँक हातात मिळायचे. 2002 च्या जानेवारीत युरोच्या नोटा आल्या आणि माझ्या हातात 180 युरो पडायला लागले. साधारण चाळीस फ्रँक आणि वर थोडे म्हणजे एक युरो, हिशोबाने 198 व्हायला हवे होते. दर महिन्याला अठरा युरो कमी, आणि ते माझ्या लक्षात आलं दोन वर्षांनी. विचारलं तर म्हणाले आधीपण तेवढेच होते, आणि माझ्याकडे दाखवायला चिठोरासुद्धा नव्हता.

माझी आई मालवणच्या बाजारात मासे विकायची, सही करता येत नव्हती तिला, पण उधारीच्या रेघा कोळशाने भिंतीवर ओढायची. म्हणायची, माणूस इसारता, रेघ इसारना नाय. तिची मुलगी दहावी पास आणि मी पाच वर्षांत एक रेघ ओढली नाही. याचं मला अजून वाईट वाटतं, पैशापेक्षा जास्त.

म्हणून तास लिहून ठेव. रोज. किती वाजता उठलीस, किती वाजता पोरं झोपली, संध्याकाळी ते दोघं बाहेर गेले आणि तू घरी बसलीस तर तेसुद्धा, कारण ते बसणं कामातच धरतात. तू जातेस ती ओ पेअर म्हणून, म्हणजे परक्या कुटुंबात राहून पोरं सांभाळायची आणि भाषा शिकायची, त्या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी बरोबरीनं. जर्मनीत त्याचे नियम आहेत, दिवसाला सहा तास, आठवड्याला तीस, त्याच्यावर नाही. दीड दिवस सुट्टी, आठवड्यात चार संध्याकाळी मोकळ्या, वर्षाला चार आठवडे रजा. महिन्याला 280 युरो हातखर्च, भाषेच्या क्लासला 70 वेगळे, विमा त्यांनी काढायचा. आणि त्यांच्या मेसेजमध्ये ते खाली लिहिलंय ना, आजीकडे पण थोडं लक्ष द्यावं लागेल, ते वाचलंस का नीट? म्हाताऱ्या माणसाची शुश्रूषा ओ पेअरच्या कामात येतच नाही. थोडं म्हणजे किती तास, विचार. लाजतेस कशाला? मासे घेताना भाव करतेस की नाही!

पासपोर्ट तुझ्या पिशवीत. 2011 ला जिनेव्हाला घरकामगारांसाठी 189 नंबरचा आंतरराष्ट्रीय करार झाला, कागदपत्रं कामगाराच्या स्वतःच्या ताब्यात राहिली पाहिजेत असं त्यात स्पष्ट लिहिलंय. जर्मनीने तो मान्य केलाय, आपल्या देशाने अजून नाही. तू तिथे कागदावर कामगार म्हणून नसशील, तरी पासपोर्ट तुझाच. मी 2006 लाच परत आले होते, मला हे कोणी सांगितलं नाही, तुला मी सांगतेय.

अजून एक, जे परवा बोलता आलं नाही. पोरांचा लळा लागणार. त्या मुलाने पहिल्यांदा आई म्हटलं ते मला, आणि मी निघाले त्या दिवशी तो शाळेत होता, त्याच्या आईने सांगितलं की त्याला कळू देऊ नको. मी नाही कळू दिलं. गावात अजून म्हणतात लेकरू टाकून आली. टाकलं नाही गो मी त्याला! चवथीला एकदाही घरी येता आलं नाही, बापाच्या बाराव्याला पोचले नाही, तिकिटाचं विचारलं की पुढच्या महिन्यात बघू. किती वर्षं काढायची अशी? मी निघाले ते बरोबरच केलं, कोणी काही म्हणो. फक्त हिशोब असता तर पहिल्याच वर्षी ताठ उभी राहिले असते, आणि कदाचित त्याला नीट सांगून, त्याचा हात धरून निघाले असते.

तू जा. नको जाऊ असं मी म्हणणार नाही, तुझं जर्मन चांगलं आहे आणि सव्वीस उलटली की हा रस्ता बंद. पण तास लिही, रात्री डोळे मिटत असतील तरी लिही.

रविवारी जेवायला ये, बांगडे आणते. त्या बाईंनी पाठवलेल्या कराराची प्रिंट काढून आण, ओळीन् ओळ वाचू. वही मी आणून ठेवलीय, दोनशे पानी, पहिल्या पानावर रकाने आखून देते.

मावशी