वाचक विचारतात : फायबर बॉडीच्या जुन्या गाड्या

प्रश्न : बेळगावजवळ एका शेडमध्ये अनेक वर्षे उभी असलेली डॉल्फिन मोटार मला विकत मिळत आहे. बॉडी फायबरची असल्यामुळे गंजाचा प्रश्नच येत नाही, असे मालक सांगतात. रंग मात्र गेलेला आहे आणि बोनेटवर तडे आहेत. काय पाहून घ्यावी?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : फायबरला गंज धरत नाही हे मालकांचे म्हणणे बरोबर आहे, पण डॉल्फिन नखशिखांत फायबरची नाही. बंगळुरूच्या सिपानी कंपनीने १९८२ मध्ये ही गाडी आणली ती इंग्लंडच्या रिलायंट कंपनीच्या किटन या मोटारीवर बेतून. खाली पोलादी चासी, तिच्यावर बसवलेली फायबरची बॉडी आणि पुढे ८४८ सीसीचे ॲल्युमिनियमचे इंजिन, अशी तिची रचना आहे. त्यामुळे ज्या रंगाची आणि तड्यांची आपल्याला काळजी वाटते, त्यांच्याकडे सर्वांत शेवटी पाहावे. आधी गाडी जॅकवर घेऊन खाली शिरावे आणि चासीचे दोन्ही दांडे, विशेषतः सस्पेन्शन जिथे जोडलेले आहे त्या जागा, टोकदार पेचकसाने टोचून पाहाव्यात. पेचकस रुतला किंवा पापुद्रे निघाले, तर तेथील पोलाद कापून नवे जोडावे लागेल हे धरून चालावे. खाली नुकताच काळा थर मारलेला दिसल्यास तो दोन-तीन ठिकाणी खरवडू देण्याचा आग्रह धरावा. मालक नको म्हणाले, तर तेही एक उत्तरच समजावे. पत्र्याच्या गाडीत गंज निदान रंगाला फोड आणून स्वतःची वर्दी देतो, पण इथे खालची चासी सडून गेली तरी वरची बॉडी तशीच चकचकीत राहू शकते.

त्यानंतर दारे अर्धवट उघडून कडेला धरून वर-खाली हलवावीत. बिजागऱ्या आणि सीटबेल्ट जिथे अडकवलेले असतात, तिथे फायबरच्या थरांत पोलादी पट्ट्या बसवलेल्या असू शकतात. पाणी मुरले की त्या पट्ट्या गंजून फुगतात आणि भोवतालचे फायबर आतून फोडतात. सीटबेल्टच्या जागी असे झाले असेल, तर ते काम नुसते दिसण्याचे राहत नाही.

दिवे, हॉर्न आणि वायपर बंद असले, तर त्यावरून भावात घासाघीस जरूर करावी, पण घाबरू नये. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे पत्र्याच्या गाडीप्रमाणे बॉडीवर अर्थ (विजेच्या परतीची जोडणी) घेता येत नाही आणि प्रत्येक दिव्याला अर्थची स्वतंत्र वायर चासीपर्यंत न्यावी लागते. या गाड्यांतील विजेच्या पुष्कळशा तक्रारी या वायरींच्या सैल किंवा काळ्या पडलेल्या टोकांशी येऊन थांबतात.

इंजिनाबद्दल मी तुलनेने निश्चिंत आहे. त्याचे लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) काढता येण्याजोगे आहेत आणि कोल्हापूरच्या ज्या उद्यमनगरात पिढ्यान्‌पिढ्या ऑइल इंजिने उघडली गेली, तिथे या कामाला हात सापडतील. फक्त ॲल्युमिनियमचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, गरम होऊन वाकलेले नाही ना, हे तपासावे. ऑइलच्या टोपणाखाली दुधी साय दिसली, तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असल्याची शंका घ्यावी. खरी पंचाईत पुढच्या काचेची आणि तिच्या रबराची होते. काच फुटलेली असेल, तर दुसरी कोठून मिळणार याचा छडा लागेपर्यंत विसार देऊ नये.

आता कागदपत्रे. गाडी कर्नाटक पासिंगची असल्यास तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, येथील कर आणि महाराष्ट्राचा नवा नंबर हे सर्व आलेच. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. वर्षानुवर्षे शेडमध्ये राहिलेल्या गाडीचे ते बहुधा राहून गेलेले असते. ते कोणी, कोठे आणि कोणाच्या खर्चाने करायचे, हे लेखी ठरवावे. चासी नंबर स्वतः कागदावर पेन्सिलने घासून उमटवून घ्यावा आणि आरसी बुकाशी अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहावा. बॉडी पुन्हा घडवता येते, सडलेली चासीही दुरुस्त होते, परंतु नंबर जुळत नसेल तर पुढे काहीच होत नाही.

प्रश्न : माझ्याकडील फायबरच्या गाडीच्या बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे होते. पेंटरने लांबी (पुट्टी) भरून रंग मारून दिला, पण चार-सहा महिन्यांत तेच तडे पुन्हा वर आले. रंग हलका होता का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दोष रंगाचा नसावा. फायबरच्या सर्वांत वरचा जेलकोटचा थर कडक आणि ठिसूळ असतो. आतून धक्का बसला किंवा पॅनल सतत लवत राहिले, की तो फुटतो. तड्यावर लांबी भरली तरी खालचे लवणे तसेच चालू राहते. आधी तड्यांभोवती नाण्याने ठोकून पाहावे. टणक, खणखणीत आवाज आला तर थर शाबूत आहेत; आवाज बद्द आला, तर आतले थर एकमेकांपासून सुटले आहेत. सुटलेला सर्व भाग घासून काढावा आणि कडा उभ्या न ठेवता दूरवर उतरत्या कराव्यात. जाडीच्या बारा पट रुंद उतार ठेवला, तर नव्या थराला धरायला पुरेशी जागा मिळते. शक्य तेथे मागच्या बाजूनेही मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) व रेझिनचे (धागे बांधून कडक होणाऱ्या चिकट द्रवाचे) दोन-तीन थर द्यावेत. मॅटच्या वजनाच्या साधारण दोन ते अडीच पट रेझिन पुरते. ‘जास्त रेझिन म्हणजे जास्त मजबुती’ हा समज चुकीचा आहे, कारण ताकद काचेच्या धाग्यांत असते आणि जादा रेझिन फक्त ठिसूळपणा वाढवते.

जुना रंग काढण्यासाठी पत्र्यावर वापरतात ते रिमूव्हर इथे लावू नये, ते जेलकोटही खाते. पाण्याच्या पॉलिश पेपरने घासणे वेळखाऊ असले तरी तोच मार्ग आहे. मॅटचे काम मात्र जून ते सप्टेंबर या काळात हाती घेऊ नये. आपल्याकडच्या पावसाळी हवेतली ओल फायबरच्या उघड्या धाग्यांत मुरते, नवा थर नीट धरत नाही आणि रंगाखाली पुढे फोड येतात. दसऱ्यानंतर, घासलेला भाग चांगला वाळवून काम करावे.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण कारागीरही ती हलक्यात घेतात. रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून घालतात तो कोबाल्टचा ॲक्सिलरेटर आणि ते घट्ट करणारा हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळू नयेत. त्यांचा भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावे आणि मगच त्यात एक ते दोन टक्के हार्डनर घालावा. घासताना चांगला मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा असावा.

प्रश्न : जुन्या फोक्सवॅगन बीटलवर फायबरची बॉडी चढवून बग्गी बनवलेली पाहिली. तशी येथे करून घेता येईल का?
– एक विद्यार्थी, गडहिंग्लज

उत्तर : तांत्रिकदृष्ट्या येईल. ही कल्पना कॅलिफोर्नियाच्या ब्रूस मेयर्स यांनी १९६४ च्या सुमारास रूढ केली. बीटलचा तळ आखूड करून त्यावर फायबरचे टब बसवायचे, इंजिन मागेच ठेवायचे. अडचण कायद्याची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. बॉडी काढून तळ कापणे यापेक्षा मोठा बदल कोणता असणार? तेव्हा रस्त्यावर चालवायची असेल, तर नवी बनवू नका. पूर्वीच तशी नोंद झालेली गाडी मिळाली, तर आरसी बुकातील बॉडीचा प्रकार वाचून मग विचार करा.

प्रश्न : लग्नाच्या वरातीत दिसतात तशी विंटेज घाटाची फायबरची गाडी घेतली, तर तिला विंटेज गाड्यांसाठी असलेला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळेल का?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही. २०२१ च्या नियमांनुसार तो नंबर पन्नास वर्षांहून जुन्या आणि चासी, बॉडी व इंजिन मूळ स्वरूपात असलेल्या वाहनांनाच मिळतो. वरातीच्या अशा पुष्कळ गाड्या जीपच्या किंवा ॲम्बॅसडरच्या चासीवर नवी बॉडी चढवून केलेल्या असतात. शिवाय त्या नंबरावर व्यापारी वापर करता येत नाही, म्हणजे भाड्याने देण्याचा आपला विचार असेल, तर अस्सल जुनी गाडी घेऊनही तो साधणार नाही.