स्कूटीचं आमिष आणि नववीचे मार्क

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. मुलगी नववीत, सेमी-इंग्रजीला आहे. आठवीपर्यंत कायम अ-१ श्रेणी. नववीच्या पहिल्या सत्रात मात्र ६८ टक्क्यांवर आली. 'दहावीला नव्वद पाडलेस तर स्कूटी घेऊन देतो,' असं मी जूनमध्ये सांगितलं होतं. उपयोग झाला नाही. उलट आता काहीही वाचायला दिलं की 'हे पेपरला येणार आहे का?' एवढंच विचारते. पूर्वी हीच मुलगी विज्ञानाचं नवं पुस्तक मे महिन्यातच वाचून संपवायची. बक्षीस वाढवू, की मार्कांचं नावच काढायचं बंद करू?
– एक वडील, कोल्हापूर

उत्तर :

नमस्कार,

दोन्ही नको. बक्षीस वाढवलंत तर 'पेपरला येणार का' हा प्रश्न आणखी पक्का होईल. मार्कांचं नावच टाकलंत तर दीड वर्षानं अकरावीचा अर्ज भरताना दोघंही गोंधळाल. मार्क घरात राहू द्या, फक्त त्यांची जागा बदला. आज ते बक्षिसाच्या जागी बसलेत, ते तपासणीच्या टेबलावर आले पाहिजेत. ते कसं करायचं, हे सविस्तर लिहितो, कारण अडतं तिथेच.

आधी ६८ चा अर्थ नीट लावू. सातवी-आठवीत आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाला ४० आणि संकलित (सत्राच्या शेवटच्या) मूल्यमापनाला ६० असा भार असतो. तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, गृहपाठ हे सगळं त्या ४० मध्ये येतं. नववीपासून लेखी ८० आणि अंतर्गत २०. गणितात बीजगणिताचे ४० आणि भूमितीचे ४० असे दोन वेगळे पेपर. म्हणजे मोजायची पट्टीच बदलली आहे. अ-१ म्हणजे ९१ किंवा त्याहून जास्त असलेल्या मुलीचे ६८ झाले म्हणजे ती तेवढी मागे पडली, असं धरू नका. यातली काही घसरण लेखी पेपरची सवय नसल्यामुळे असते आणि ती भरून काढता येते. हे तिलाही सांगा. बहुतेक मुलांना हे कुणी सांगतच नाही, आणि ती मनातल्या मनात 'मी ढ झाले' असं ठरवून मोकळी होतात.

आता तुमचा खरा प्रश्न : मार्कांनी शिकायची गोडी लागते का? मार्कांनी मूल अभ्यासाला बसतं, हे खरं. पण ते मार्क मिळतील तेवढ्यापुरतंच बसतं. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत हीच मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळली. प्रमाणपत्र अचानक, न सांगता मिळालेल्यांची गोडी मात्र टिकली. तुमच्या घरी जवळजवळ हेच घडलंय. विज्ञानाचं पुस्तक ती आधी फुकट वाचत होती, त्याला तुम्ही किंमत लावली. (पाढे पाठ करण्यासारख्या कंटाळवाण्या कामाला छोटं बक्षीस फारसं नुकसान करत नाही, कारण तिथे मोडायला गोडीच नसते.)

दुसरा अभ्यास रूथ बटलर यांचा, १९८८ चा. पाचवी-सहावीच्या मुलांपैकी काहींना फक्त मार्क दिले, काहींना फक्त शेरा – काय जमलं, काय सुधारायचं – आणि काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचं काम सुधारलं आणि गोडीही टिकली. मार्क आणि शेरा दोन्ही मिळालेले मात्र फक्त मार्क मिळालेल्यांसारखेच वागले. आकडा शेजारी असला की शेरा वाया जातो. खाली एकूण मार्क झाकायला सांगतोय, ते यासाठीच.

तुमच्या कामाच्या भाषेत सांगतो. महिन्याचं रिजेक्शन, म्हणजे नापास झालेला माल, ८ टक्के निघालं, तर त्या आकड्यावरून तुम्ही भट्टीत काय बदल कराल? काहीच नाही. आधी खराब कास्टिंग (ओतीव भाग) दोषाप्रमाणे वेगवेगळे काढाल. ब्लोहोल (वायूनं पडलेली पोकळी) असेल तर वाळूतला ओलावा आणि गॅस बघाल, कोल्ड शट (धातू नीट न जुळल्याची भेग) असेल तर ओतायचं तापमान, श्रिंकेज (आकसून पडलेला खड्डा) असेल तर रायझर, म्हणजे जादा धातू पुरवणारी जागा. मुलीच्या पेपरचं नेमकं तेच करायचं.

बीजगणिताच्या पेपरपासून सुरुवात करा. उत्तरपत्रिका घरी आली की एकूण मार्कांवर कागद चिकटवा. तीन रंगांचे पेन घ्या आणि गेलेला प्रत्येक मार्क तिलाच रंगवू द्या. लाल म्हणजे 'येतच नव्हतं'. निळा म्हणजे 'येत होतं, पण चुकलं'. हिरवा म्हणजे 'वेळ पुरला नाही'. मग तिन्हींची बेरीज करा. समजा ४० पैकी २४ मिळाले, १६ गेले. त्यात लाल ५, निळे ७, हिरवे ४ निघाले, तर शिकवणी बदलायचं काहीच कारण नाही. ज्यासाठी लोक क्लास लावतात ते लाल यात ५ च आहेत.

निळ्यांची पुन्हा फोड करा. नववीच्या बहुपदीत ठरलेली चूक म्हणजे कंसाबाहेर वजा असताना आतल्या पहिल्याच पदाचं चिन्ह बदलायचं आणि बाकीची तशीच उतरवायची. दुसरी चूक प्रश्न अर्धाच वाचण्याची. तिसरी म्हणजे कच्च्या कामातून पक्क्यात आकडा चुकीचा आणणं. एकाच प्रकारची चूक तीनदा सापडली, तर त्याच प्रकारची फक्त पाच उदाहरणं द्या. पंधरा नकोत, कंटाळ्यानं निळ्या चुका वाढतात. लालसाठी पुस्तकातला तो भाग पुन्हा वाचायचा, एक सोडवलेलं उदाहरण झाकून स्वतः करायचं, अडलं तर बाईंना नेमकं 'ही ओळ इथून कशी आली?' असं विचारायचं. 'धडा समजला नाही' म्हटलं की ६० मुलांच्या वर्गात शिक्षकांनाही काही करता येत नाही. हिरव्यासाठी घड्याळ लावायचं : ४० मार्कांना २ तास, म्हणजे एका मार्काला ३ मिनिटं.

दोन दिवसांनी तोच चुकलेला प्रश्न कोऱ्या कागदावर, उत्तर न बघता. जमला तर तिच्या हातानं रंगाच्या खुणेवर बरोबरची खूण करू द्या. जे येत नव्हतं ते आता येतंय, हे डोळ्यांनी दिसणं ही या वयाची खरी ओढ असते, आणि ती विकत आणता येत नाही.

रोजच्या अभ्यासातही एक बदल करा. धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवेल ते लिहिणं जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे दाखवलं : पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून धडा झाला त्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि आठव्या दिवशी दहा-दहा मिनिटं. लिहिलेल्याला मार्क द्यायचे नाहीत, सुटलेलं फक्त वेगळ्या शाईनं भरायचं.

यात बिघडतं कुठे? वडील उत्साहानं रंगांची वही भिंतीवर लावतात आणि पाहुण्यांना दाखवतात. ते नवं प्रगतिपुस्तक झालं. वही तिची, तुम्ही पंधरवड्यातून एकदा, तिनं दाखवली तर बघायची. दुसरं, पहिल्या महिन्यात मार्क हलत नाहीत किंवा थोडे उतरतात, कारण ती काळजीपूर्वक, सावकाश लिहिते. तेव्हा 'बघ, पूर्वीचंच बरं होतं' म्हणालात तर सगळं तिथेच थांबेल. तिसरं, शेजारच्या मुलाचे मार्क. तो विषय घरात काढूच नका, आजी-आजोबांनाही तसं सांगा.

'हे पेपरला येणार का?' याला खरं उत्तर द्या. 'येणार नाही' असेल तर तसंच सांगा आणि आठवड्यातून एक तास अशाच गोष्टीसाठी ठेवा. तुमच्याकडे साहित्य हाताशी आहे. २०० मिलीमीटरच्या बिडाच्या कास्टिंगचा पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा नमुना) साधारण २०२ मिलीमीटरचा का करतात, हे तिला विचारा. धातू थंड होताना आकसतो, बिडाला त्यासाठी साधारण १ टक्का जास्त धरतात, हे तिला मोजून काढू द्या. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या वाचनालयात नाव घाला आणि पुस्तक तिचं तिला निवडू द्या. वाचून झाल्यावर प्रश्न विचारू नका.

स्कूटीचं. नववीतल्या मुलीला दहावीच्या निकालानंतरही स्कूटीचं लायसन्स मिळणार नाही. ५० सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीलाच १६ पूर्ण लागतात, नेहमीच्या स्कूटीला १८. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा घडला तर पालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण शब्द दिला आहे, तो गुपचूप गिळू नका. समोर बसून सांगा : 'मी घाईनं बोललो. गाडी तू अठराची झाल्यावर बघू, आणि तिचा मार्कांशी संबंध नाही.' ती चिडेल, चिडू द्या. गाडीच्या जागी दुसरं बक्षीस ठेवू नका. परीक्षा संपल्यावर, निकालाच्या आधी, सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायला जा. ते चालतं, कारण ते कशाच्या बदल्यात नाही.

मार्कांना त्यांचा काळ येईल. अकरावी, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आणि आयटीआय हे तिन्ही प्रवेश दहावीच्या मार्कांवर होतात, म्हणून दहावीच्या डिसेंबरपासून पूर्ण वेळ लावून पेपर सोडवणं, एकूण मार्क मोजणं, हव्या त्या कॉलेजची गेल्या वर्षीची कटऑफ बघणं सगळं करा. पुढे इंजिनिअरिंगच्या पदवीचा विचार झाला तर तिथे सीईटी ही प्रवेश परीक्षा असते, गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत. तिथे पाठ केलेलं फार पुरत नाही.

एक गोष्ट लक्षात असू द्या. झोप उडाली, जेवण कमी झालं, शाळेत जायचंच नको म्हणू लागली, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी शाळेच्या समुपदेशकांना किंवा डॉक्टरांना भेटा.

दुसऱ्या घटक चाचणीचे पेपर हाती आले की लाल, निळे, हिरवे किती निघाले ते कळवा. एकूण मार्क लिहिले नाहीत तरी चालेल.