रक्तस्राव चालू असूनही बीपी नॉर्मल दिसतं, मग शरीर किती तग धरेल हे कसं मोजतात?

एकट्या बीपीवर विसंबू नका. रक्त कमी झालं की ठोके वाढतात, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे धडधाकट माणसाचं बरंच रक्त जाईपर्यंत वरचं बीपी ठीक दिसू शकतं.

सोपा हिशोब म्हणजे शॉक इंडेक्स: नाडी भागिले वरचं बीपी. साधारण 0.5 ते 0.7 ठीक. नाडी 120, बीपी 110 असेल तर जवळपास 1.1, म्हणजे धावपळ करायलाच हवी. (बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणारी औषधं, घेणाऱ्यांची नाडी फारशी वाढत नाही, तिथे हा आकडा फसवतो.)

अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी पुढची पद्धत शोधली: बोटावरच्या सेन्सरमधून नाडीच्या लहरीचा आकार वाचून शरीराची उरलेली भरपाईची क्षमता, म्हणजे रक्त कमी होऊनही बीपी टिकवून धरण्याची ताकद, मोजायची. चाचणीत स्वयंसेवकांचं कमरेखालचं शरीर पेटीत ठेवून आतला हवेचा दाब कमी करतात. रक्त पायांकडे ओढलं जातं, रक्तस्रावासारखंच.